धूळ ॲसिड मारते की धूळच ॲसिड होते? दाबोळीच्या बाल्कनीवरून

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे नव्यानं वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. प्रश्नकर्ते गोव्यात दाबोळीला, महामार्गाच्या बाजूच्या इमारतीत राहतात. बाल्कनीच्या काचांवर आणि खाली उभ्या केलेल्या गाडीवर रोज तांबूस-करडा थर बसतो. कोरड्या फडक्यानं पुसला तर निघायच्याऐवजी पसरतो, हाताला चिकट लागतो. ऑफिसातला मित्र म्हणतो, ट्रकच्या धुरातलं ॲसिड धुळीला लागतं आणि धूळच ॲसिड होते. रसायनशास्त्र शिकलेला भाऊ म्हणतो, साफ खोटं, धूळ अल्कलीधर्मी असते, ती ॲसिड मारते, म्हणजे उदासीन करते, म्हणूनच आपल्याकडे ॲसिडचा पाऊस पडत नाही. यातलं खरं काय, आणि या थराचं करायचं काय?

दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. अडचण अशी की दोघांच्या डोक्यात धूळ वेगवेगळी आहे. भावाच्या डोक्यात राजस्थानची किंवा दिल्लीकडची चुनखडीयुक्त धूळ असावी, कारण पाठ्यपुस्तकात तीच येते. मित्राच्या डोक्यात आपली तांबडी माती. म्हणून प्रश्न ‘धूळ ॲसिड मारते का’ असा सरसकट विचारला की उत्तर हाती लागत नाही. विचारायचं ते असं: ही धूळ कशाची आहे, हवेत ॲसिड कोणतं आहे, आणि त्या दिवशी दमटपणा किती आहे. किनाऱ्यालगतच्या हवेचे नमुने फिल्टरवर घ्यायचे आणि त्यातले क्षार मोजायचे, हे माझं नेहमीचं काम. तुमची बाल्कनी मी पाहिलेली नाही, त्यामुळे काही गोष्टी ‘असं असेल तर तसं’ याच भाषेत सांगाव्या लागतील.

सुरुवात मातीपासून करू, कारण गोव्यात गाडं अडतं ते इथेच. आपला चिऱ्याचा दगड, म्हणजे जांभा, आणि त्याच्यावरची तांबडी माती म्हणजे लाखो वर्षं पावसानं धुऊन उरलेला गाळसाळ. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो तिथे जे जे विरघळण्यासारखं असतं ते वाहून जातं. कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, पोटॅशियम सगळं समुद्राला मिळतं. मागे राहतात लोह आणि ॲल्युमिनियम यांचे न विरघळणारे ऑक्साइड आणि हायड्रॉक्साइड, म्हणजे हेमॅटाइट, गोएथाइट, गिब्साइट, आणि त्यांच्या जोडीला केओलिनाइट ही पांढरी चिकणमाती. थोडक्यात, ॲसिड मारणारा चुना या मातीतून केव्हाच निघून गेलाय. आपल्या शेतकऱ्यांना कृषी खात्याचे लोक जमिनीत चुना घाला म्हणून सांगतात, ते याचमुळे. जी माती स्वतःच आम्लधर्मी आहे ती हवेतलं ॲसिड काय मारणार?

याउलट राजस्थानकडच्या थर नावाच्या वाळवंटातून किंवा अरबस्तानातून जी धूळ मार्च ते जूनच्या दरम्यान अरबी समुद्रावरून येते, तिच्यात कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडी, भरपूर असतं. तिथे पाऊसच नाही, तर चुना धुऊन नेणार कोण? एप्रिल-मेमध्ये एखाद्या दिवशी आकाश दुधट, धुरकट दिसतं, समोरचा डोंगर नीट दिसत नाही आणि ढग म्हणावेत तर ढगही नसतात. अशा दिवसांत बऱ्याचदा ही लांबची पाहुणी आलेली असते. तिसरी धूळ घरचीच, पण निसर्गाची नव्हे: सिमेंट, काँक्रीट, बांधकामाचा राडारोडा. हिच्यात चुना ठासून भरलेला. चौथी म्हणजे रस्त्यावरच्या खडीची भुकटी. काळ्या दगडात कॅल्शियम असतं, पण ते सिलिकेट या दगडी खनिजांमध्ये अडकलेलं. ॲसिडला ते सहजासहजी मिळत नाही. त्यामुळे प्रयोगशाळेच्या अहवालात ‘कॅल्शियम अमुक इतकं’ असं वाचून ही धूळ ॲसिड मारेल असा निष्कर्ष काढू नका. कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात आहे की सिलिकेटच्या, हे पाहावं लागतं.

फरक किती पडतो, त्याचा एक साधा हिशेब मांडतो. १०० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटला पूर्ण संपवायला १२६ ग्रॅम नायट्रिक ॲसिड लागतं. समजा एक घनमीटर हवेत मातीची धूळ ५० मायक्रोग्रॅम आहे. त्यात चुनखडी १० टक्के धरली तर ५ मायक्रोग्रॅम कार्बोनेट झालं, आणि ते सव्वासहा मायक्रोग्रॅमच्या आसपास नायट्रिक ॲसिड पचवेल. तीच धूळ तांबड्या मातीची असून चुना अर्धा टक्काच निघाला, तर पचवण्याची ताकद ०.३ मायक्रोग्रॅमवर येते. आता दुसरी बाजू. नायट्रोजन डायऑक्साइडची वार्षिक सरासरीची राष्ट्रीय मर्यादा आहे घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम. तेवढ्या वायूतल्या फक्त एक दशांशाचं जरी नायट्रिक ॲसिड झालं तरी साडेपाच मायक्रोग्रॅम होतं. म्हणजे चुनखडीची धूळ ते सगळं गिळून वर ढेकर देईल, आणि तांबडी धूळ वीस भागांतला जेमतेम एक भाग घेईल. आकडे मी सोयीसाठी धरलेत, तुमच्या दारातले नाहीत. पण प्रमाण लक्षात यायला पुरेसे आहेत.

हे ॲसिड येतं कुठून, ते पटकन सांगून पुढे जातो. ट्रकच्या नळीतून थेट ॲसिड बाहेर पडत नाही. बाहेर पडतात नायट्रोजनचे ऑक्साइड. दिवसा उन्हात हवेतल्या हायड्रॉक्सिल रॅडिकल या अतिक्रियाशील कणाशी नायट्रोजन डायऑक्साइडची गाठ पडते आणि नायट्रिक ॲसिडची वाफ तयार होते. रात्री वाट वेगळी असते: ओझोनबरोबर अभिक्रिया होत होत डायनायट्रोजन पेंटॉक्साइड बनतो, आणि तो ओल्या पृष्ठभागावर टेकला की पाणी घेऊन त्याचं नायट्रिक ॲसिड होतं. दमट रात्री ओल्या पृष्ठभागांची गोव्यात काय कमी! त्यामुळे ‘रात्री ऊन नाही म्हणजे रसायनशास्त्र झोपलं’ असं समजायचं कारण नाही.

आता मुख्य प्रसंगाकडे येऊ. चुनखडीच्या कणावर नायट्रिक ॲसिडचा रेणू बसला की कॅल्शियम नायट्रेट, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतात. कार्बन डायऑक्साइड उडून जातो. पण खरी गंमत कॅल्शियम नायट्रेटची आहे. चुनखडी पाणी धरत नाही, कितीही दमट हवेत ठेवा. कॅल्शियम नायट्रेट मात्र ५० टक्के सापेक्ष आर्द्रतेलाच हवेतलं पाणी ओढून स्वतः विरघळून जातं, आणि एकदा विरघळलं की हवा त्याहून बरीच कोरडी झाली तरी लवकर सुकत नाही. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना, तसंच हे, फक्त याला पावसाळा लागत नाही. आपल्याकडे हिवाळ्यातल्या दुपारचे काही तास सोडले तर हवा एवढी कोरडी असतेच कधी? म्हणजे गोव्याच्या हवेत हा कण जवळजवळ कायम ओला. मध्ये चुनखडीचा खडा, भोवती खारट पाण्याचं आवरण. आणि त्या ओल्या आवरणात पुढचं ॲसिड आणखी भरभर शिरतं, कारण कोरड्या खड्याच्या पृष्ठभागावर जागा भरल्या की काम थांबतं, पाण्यात मात्र ते आतपर्यंत चालू राहतं. चुनखडीचा बारीक कण असा अख्खा खाल्ला जाऊन नुसता थेंब उरल्याचं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं. कोनेदार खडा असायचा तिथे गोल डाग.

तांबड्या मातीच्या कणाचं असं होत नाही. लोहाच्या आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडवरही नायट्रिक ॲसिड चिकटतं, नाही असं नाही, पण फक्त वरच्या थरावर. तो थर भरला की पुढचं ॲसिड हवेतच भटकत राहतं, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक शोधतं.

गोव्यात ते दुसरं गिऱ्हाईक म्हणजे समुद्राचं मीठ. तुमच्या भावाच्या बोलण्यात हा भाग राहून गेलाय, आणि किनाऱ्यावर तोच सगळ्यात मोठा आहे. लाटा फुटतात, बारीक तुषार उडतात, पाणी आटून मिठाचे कण हवेत राहतात. दुपारचे खारे वारे ते आत फोंड्याच्या दिशेनं नेतात, रात्रीचे मतलई वारे रस्त्याची धूळ आणि धूर घेऊन समुद्राकडे निघतात. हे जाणं-येणं रोजचं. नायट्रिक ॲसिड मिठाला भेटलं की सोडियम नायट्रेट तयार होतं आणि हायड्रोक्लोरिक ॲसिड वायू होऊन सुटतं. नीट पाहा: इथे ॲसिड मेलेलं नाही. एक गेलं आणि त्याच्या जागी दुसरं हवेत आलं. नायट्रेट कणात कैद झालं, क्लोराइड मोकळं झालं.

हे आम्हाला कळतं कसं? समुद्राच्या पाण्यात क्लोराइड आणि सोडियम यांचं वजनी प्रमाण १.८ असतं, जगात कुठेही जा. फिल्टर पाण्यात भिजवून आयन क्रोमॅटोग्राफवर, म्हणजे विरघळलेले क्षार वेगवेगळे मोजणाऱ्या यंत्रावर, लावला आणि हे प्रमाण १.८ च्या जवळ आलं, तर मीठ ताजं आहे, थेट समुद्रावरून आलंय. १.२ किंवा १ आलं तर ॲसिडनं क्लोराइड हाकललं, असं समजायचं. मग नायट्रेटकडे आणि सल्फेटकडे पाहायचं, कुणी हाकललं ते तिथे कळतं. सल्फेटलाही असाच ताळा आहे: समुद्रमिठात सोडियमच्या ०.२५ पट सल्फेट मुळातच असतं, ते वजा करून उरतं ते बाहेरचं. ही वजाबाकी न करता ‘किनाऱ्यावर सल्फेट फार, उद्योगांनी वाट लावली’ अशा बातम्या येतात तेव्हा मला हसावं की रडावं कळत नाही. वजाबाकी करूनसुद्धा सल्फेट उरतं, आणि त्यातलंही थोडं समुद्राचंच असतं, कारण समुद्रातले सूक्ष्म जीव डायमिथाइल सल्फाइड नावाचा वायू सोडतात आणि हवेत त्याचं शेवटी सल्फेट होतं.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण बहुतेक वाद तिच्यामुळे होतात. हवेतले कण सगळे एका भांड्यात ढवळलेले नसतात. एकाच घनसेंटीमीटर हवेत धुळीचा मोठा कण पूर्ण उदासीन असू शकतो, आणि त्याच्याच शेजारी धुरातून बनलेला अतिबारीक सल्फेटचा कण लिंबाच्या रसाहूनही आंबट. दोघांची भेट होत नाही, म्हणून एक दुसऱ्याला मारत नाही. फिल्टरवर मात्र दोघेही एकाच कापडावर बसतात, आम्ही ते पाण्यात टाकतो आणि पीएच (आंबटपणाचं माप: ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आंबट) येतो छान साडेसहा. या सरासरीला काही अर्थ नसतो. श्वासाबरोबर मोठे कण नाकात-घशात अडकतात, बारीक कण फुप्फुसात खोल जातात. त्यामुळे आंबट बाजू नेमकी कुठे पोचते हे सरासरी पीएच कधीच सांगणार नाही. मोठे आणि बारीक कण वेगळे पकडणारं यंत्र लावलं तरच चित्र खरं दिसतं, आणि तेव्हाही कार्बोनेटची धूळ असलेल्या फिल्टरवर हवा खेचत असतानाच ॲसिडचा वायू शोषला जातो. म्हणजे अभिक्रिया हवेत झाली की फिल्टरवर, हेच कळत नाही. म्हणून वायू आधी वेगळा काढणारी नळी पुढे जोडतात. एखाद्या अहवालात नायट्रेटचा आकडा दिसला, तर ती नळी होती का हे विचारायला संकोच करू नका. मी तरी पहिल्यांदा तेच विचारतो.

आता सल्फर डायऑक्साइड. हा कोरड्या चुनखडीवर फार हळू बसतो. पाण्याचा थर हवा, आणि ऑक्सिडीकरण करणारं कुणीतरी हवं: ओझोन, हायड्रोजन पेरॉक्साइड, नायट्रोजन डायऑक्साइड किंवा विरघळलेलं लोह आणि मँगनीज. चुनखडीवर त्याचं शेवटी जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, होतं. जिप्समचा स्वभाव कॅल्शियम नायट्रेटच्या अगदी उलटा: पाण्यात फारसं विरघळत नाही, ओलं होत नाही, कणावर कवच होऊन बसतं आणि आतल्या चुन्याला झाकून टाकतं. त्यामुळे सल्फेटनं आधी गाठलेला कण नंतर नायट्रिक ॲसिडलाही तितकासा उपयोगी राहत नाही. क्रम कोणता लागला यावर निकाल फिरतो.

पण व्यवहारात गोव्यात गंधकाचा जोर पूर्वीपेक्षा कमी झालाय, हेही सांगायला हवं. १ एप्रिल २०२० पासून वाहनांच्या धुराचं भारत स्टेज ६ हे मानक आलं आणि डिझेलमधलं गंधक दहा लाख भागांत ५० वरून १० भागांवर आलं. त्याच वर्षी १ जानेवारीपासून जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची जागतिक मर्यादा साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आणली गेली. मुरगाव बंदराच्या सावलीत राहणाऱ्यांसाठी हा दुसरा बदल महत्त्वाचा. अर्धा टक्का म्हणजेसुद्धा आपल्या डिझेलच्या ५०० पट, तेव्हा जहाजं एकदम निर्दोष झाली असं नव्हे. तरी रस्त्याकाठच्या इमारतीत तुमची गाठ मुख्यतः नायट्रोजनच्या ऑक्साइडशी आहे, गंधकाशी कमी, असं मी धरून चालेन.

मग मित्राचं म्हणणं कुठे खरं ठरतं? तांबड्या धुळीपाशी. लोहाच्या ऑक्साइडवर सल्फर डायऑक्साइड बसला आणि हवा दमट असली की तिथे सल्फेट होतं, आणि त्याला उदासीन करायला शेजारी चुना नाही. मग कणाच्या पृष्ठभागावर खरोखरच ॲसिड राहतं. शिवाय आपल्या मातीत थोडं टायटॅनियम असतं. त्याच्या ऑक्साइडवर नायट्रोजन डायऑक्साइड ऊन पडलं की अधिक वेगानं शोषला जातो आणि नायट्रस ॲसिडचा वायू बाहेर पडतो, हे प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. तेव्हा ‘धूळच ॲसिड होते’ हे वाक्य ढोबळ असलं तरी खुळचट नाही. फक्त ‘धुळीवर ॲसिड तयार होतं आणि तिच्यात ते मारायची ताकद नसते’ असं म्हटलं तर जास्त बरोबर होईल.

आणि लोहाचा आणखी एक अध्याय आहे, मला स्वतःला सगळ्यात आवडणारा. हेमॅटाइट आणि गोएथाइटमधलं लोह साध्या पाण्यात विरघळत नाही. तांबड्या मातीचं पाणी रात्रभर ठेवा, सकाळी माती तळाला आणि वरचं पाणी नितळ. पण कणाभोवतीचं पाणी पीएच ३ च्या खाली गेलं, वर ऊन मिळालं आणि ऑक्झॅलेटसारखी सेंद्रिय आम्लं जोडीला असली, की लोह सुटायला लागतं. हळूहळू, पण सुटतं. चिकणमातीतलं लोह हेमॅटाइटमधल्यापेक्षा लवकर सुटतं. चुनखडीच्या धुळीत हे होत नाही, कारण चुना संपेपर्यंत पीएच खाली येऊच शकत नाही. म्हणजे एकाच वाऱ्यातल्या दोन धुळींपैकी एक ॲसिड खाऊन नायट्रेट देते, दुसरी ॲसिड खाऊन लोह देते. ते लोह समुद्रावर पडलं तर तिथल्या सूक्ष्म वनस्पतींना खाद्य म्हणून मिळू शकतं, म्हणूनच समुद्रशास्त्राचे लोक धुळीचा एवढा पिच्छा पुरवतात. श्वासातून आत गेलेलं विरघळलेलं लोह मात्र शरीरात ऑक्सिडीकरणाचा ताण वाढवतं असं मानलं जातं. न विरघळलेल्या लोहापेक्षा ते जास्त क्रियाशील असतं. खाणपट्ट्यात, डिचोली, उसगाव, सावर्डे, कुडचडे या बाजूला, खनिजवाहतुकीची धूळ आणि डिझेलचा धूर एकाच रस्त्यावर एकत्र येतात. तिथे नुसता पीएम १० (१० मायक्रोमीटरपर्यंतचे कण) मोजून न थांबता विरघळणारं लोह मोजायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे.

भावाचा दुसरा मुद्दा पावसाचा. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे स्वच्छ पावसाचाही पीएच ५.६ असतो, ७ नव्हे. भारतात बऱ्याच ठिकाणी मोजलेला पाऊस याहून वर, म्हणजे अल्कलीच्या बाजूला निघाला, आणि त्याचं श्रेय मातीतल्या कॅल्शियमला जातं. हे त्यांचं बरोबर. पण हे उत्तर भारताच्या कोरड्या पट्ट्यात जेवढं ठामपणे म्हणता येतं तेवढं कोकण-गोव्याच्या जुलैत म्हणता येत नाही. वळवाच्या पहिल्या सरीत हवेतली सगळी धूळ खाली येते, बाटलीच्या तळाशी गाळ दिसतो. त्याच पावसाच्या पुढच्या बाटल्या वेगळ्या ठेवून मोजल्या तर कॅल्शियम घसरत जातं. झड लागल्यावर धूळ उरतच नाही, वारा नैऋत्येचा, समुद्रावरचा, आणि पावसात मुख्यतः समुद्राचंच मीठ. त्यावेळी ॲसिड थोडं जरी असलं तरी त्याला अडवणारं कमी. तेव्हा ‘आपल्याकडे ॲसिडचा पाऊस पडत नाही’ याचं श्रेय गोव्यात धुळीला कमी आणि समुद्रावरून येणाऱ्या स्वच्छ हवेला जास्त, असं मी म्हणेन. गुराढोरांच्या आणि खतांच्या अमोनियाचाही त्यात हात आहे, पण तो विषय लांबेल.

आता तुमच्या काचेकडे वळू. थर चिकट का? माझा अंदाज, आणि अंदाजच: हे तीन गोष्टींचं मिश्रण आहे. समुद्रमिठातलं मॅग्नेशियम क्लोराइड, जे ३३ टक्के आर्द्रतेलाच ओलं होतं. महामार्गाच्या धुराशी अभिक्रिया झालेल्या बांधकामाच्या धुळीतलं कॅल्शियम नायट्रेट. आणि डिझेलच्या धुरातले तेलकट पदार्थ. पहिली दोन पाण्यानं जातात, तिसरं जात नाही.

पडताळा घरीच घेता येईल. साधारण आठवडाभर न पुसलेल्या काचेचा एक तुकडा ओल्या ब्रशनं बशीत झाडून घ्या, पाणी सुकू द्या, आणि सुकलेल्या धुळीवर पांढऱ्या व्हिनेगरचा एक थेंब टाका. डोळ्याला भिंग लावा किंवा मोबाइलचा कॅमेरा जवळ न्या. बारीक बुडबुडे उठले, तर धुळीत चुना आहे आणि तो अजून संपलेला नाही. आजूबाजूला बांधकाम चालू असेल तर बहुधा बुडबुडे येतीलच. बुडबुडे आले नाहीत आणि थेंब नुसता तांबूस गढूळ झाला, तर आपली देशी माती. दोन सावधगिऱ्या: बाल्कनीत समुद्राची वाळू येत असेल तर तिच्यातल्या शिंपल्यांच्या चुऱ्यामुळेही बुडबुडे येतात, त्यावरून फसू नका. आणि बाथरूम धुवायचं ॲसिड यासाठी वापरू नका, बुडबुडे मोठे दिसतात पण वाफ घशाला लागते आणि ॲल्युमिनियमच्या चौकटी डागाळतात. लोहचुंबकाचा प्रयोगही पुष्कळजण सुचवतात. हेमॅटाइट चुंबकाला जवळजवळ दाद देत नाही, त्यामुळे चुंबकाला काही चिकटलं नाही म्हणजे खनिजाची धूळ नाही, असं होत नाही. थर काळा आणि कागदावर घासल्यावर काळीच रेघ ओढणारा असेल तर तो कोळसा किंवा काजळी, आणि ती गोष्ट वेगळी. वरचं रसायनशास्त्र तिला फारसं लागू होत नाही.

साफ करताना कोरडं फडकं आधी बाजूला ठेवा. धुळीतला क्वार्ट्झ काचेपेक्षा कठीण असतो, कोरडं घासलं की बारीक चरे पडतात, गाडीच्या रंगावर तर आणखी लवकर. आधी भरपूर साधं पाणी ओता, क्षार विरघळून वाहू द्या, मग साबणाच्या पाण्यानं तेलकटपणा काढा, मग पुन्हा पाणी. सकाळी लवकर धुतलेलं चांगलं, कारण रात्रीच्या दमटपणानं थर आधीच भिजलेला असतो. ऊन चढल्यावर तो सुकतो, आणि सिमेंटची धूळ असेल तर घट्ट बसते. तसा घट्ट बसलेला पांढुरका डाग राहिला तर पातळ केलेलं व्हिनेगर दोन मिनिटं लावून धुऊन टाका. मात्र संगमरवरावर किंवा चुन्याच्या गिलाव्यावर ते चुकूनही लावू नका. तिथे भिंतीचंच कॅल्शियम कार्बोनेट जाईल.

काचेपेक्षा मला तुमच्या एसीच्या बाहेरच्या यंत्राची काळजी जास्त वाटते. ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांमध्ये हाच ओलसर क्लोराइड-नायट्रेटचा थर अडकून राहतो, पाऊस तिथे नीट पोचत नाही आणि धातू आतून पोखरला जातो. नोव्हेंबर ते मे या महिन्यांत, वीज बंद करून, साध्या पाण्याच्या हलक्या फवाऱ्यानं महिन्यातून एकदा तो धुवा. खिडक्यांच्या लोखंडी गजांचंही तेच, विशेषतः छज्ज्याखाली पावसापासून झाकलेल्या भागाचं. व्हिनेगरच्या थेंबाचं काय झालं ते इथे लिहा, आणि जवळ बांधकाम चालू आहे का, बाल्कनीचं तोंड कोणत्या दिशेला आहे, तेही सांगा. त्यावरून थर मुख्यतः समुद्राचा की रस्त्याचा हे आणखी नेमकं सांगता येईल.